ओटीतली माती

ऊसतोडीच्या धंद्यात माणसं मोजण्याची रीत जगापेक्षा वेगळी आहे. तिथं नवरा आणि बायको मिळून एक कोयता होतो. एकटा नवरा आला किंवा एकटी बायको आली, तर तो अर्धा कोयता. यात कुणाची टिंगल नाही. मुकादमाच्या वहीत तसंच लिहितात, आणि लिहून घेणाराही मान डोलावतो. पाथर्डीकडच्या डोंगरातला गहिनीनाथ सव्वीस हंगाम एका कोयत्याचा अर्धा भाग होता, आणि उरलेला अर्धा आपल्यापेक्षा चांगला चालतो हे त्याला माहीत होतं. तो उरलेला अर्धा, म्हणजे झुंबरबाई, नेवाशाकडच्या एका फडावर चार दिवसांच्या तापात गेली. पुढच्या दसऱ्याच्या आधी मुकादम भागवत घरी आला, चहा प्याला, आणि वही पिशवीतून न काढताच म्हणाला,

“नाना, अर्धा कोयता मी कुठं बसवू?”

“हातात बळ हाय माझ्या अजून.”

“बळाचं कोन म्हन्तंय? तुमी तोडताल. मोळी कोन बांधंल? डोक्यावर कोन दील?”

गहिनीनाथाने विचार केला. सव्वीस वर्षांत त्याने मोळी बांधली नव्हती असं नाही, पण त्याने बांधलेली मोळी फडातून ट्रॅक्टरपर्यंत शाबूत पोचल्याचं त्याला आठवेना.

भागवत अगदीच दगड नव्हता. त्याच्या मेव्हण्याने तालुक्याच्या गावी नगरपालिकेचं एक कंत्राट घेतलं होतं. गावाबाहेर, जामखेडकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून, एक ‘शहरी वन’ उभं करायचं होतं आणि त्याला राखणदार पाहिजे होता. राहायला पत्र्याची खोली होती, आठ बाय दहाची. मेव्हण्याची अट एकच होती: माणूस सडा पाहिजे, बिऱ्हाड नको. सत्तावन्नाव्या वर्षी, आयुष्यात पहिल्यांदा, एकटं असणं ही गहिनीनाथाची पात्रता ठरली.

वन म्हणजे तेव्हा दीड एकर मुरूम होता. पूर्वी तिथं खाण होती. ती बुजवून डोझरने सपाट केलेली. राखणदार आला, त्याच्या पाठोपाठ फलक आला. ‘हरित श्वास शहरी वन. चौतीस देशी जाती. तीन हजार दोनशे झाडे.’ फलक वाचून उन्हाळ्यात दोन-चार माणसं सावलीला म्हणून आत आली आणि इकडेतिकडे बघून परत गेली. झाडं जुलैत आली. शाळेच्या मुलांनी पहिली शंभर लावली, फोटो निघाले, आणि उरलेली तीन हजार शंभर लावायला मजूर बायका आल्या. तीन हातांवर एक रोप, अशी दाटीवाटीने. कागदावर जागेचे दोन भाग होते, अ-प्लॉट आणि ब-प्लॉट. दोन्हींच्या मधून पाण्याची पाइपलाइन गेली होती.

आता ओटीचं सांगायला हवं. झुंबरबाईची एक खोड होती. कुठंही रोप लावायचं झालं, मग तो दारातला शेवगा असो की बांधावरची बोर, ती एखाद्या जुन्या झाडाच्या बुडातली ओंजळभर माती आणायची आणि खड्ड्यात आधी ती घालायची. ह्याला ती रोपाची ओटी भरणं म्हणायची. हे तिला कुणी शिकवलं ते तिने कधी सांगितलं नाही. गावात दुसरं कुणी असं करत नव्हतं. फडावर तर जिथं पाच महिन्यांवर मुक्काम नाही, अशा पाचटाच्या कोपीच्या, झोपडीच्या दारातसुद्धा ती लिंबाचं रोप लावायची आणि मातीसाठी मैलभर चालत जुना लिंब गाठायची.

“अगं, त्यापरीस शेणखत घाल की,” गहिनीनाथ म्हणायचा.

“शेणखत म्हंजी जेवान. ओटी म्हंजी मानसं.”

“मातीत कुठली आली मानसं?”

“तुमाला न्हाई दिसायची. तुमाला समोरची दिसत न्हाईत.”

विषय इथं संपायचा. लिंब मात्र लागायचा.

शहरी वनातल्या रोपांची ओटी कुणी भरलेली नाही, हे गहिनीनाथाच्या ध्यानात पहिल्याच आठवड्यात आलं. रस्त्याच्या कडेला, शंभर पावलांवर, एक चिंच होती. इंग्रजांच्या वेळची म्हणत. संध्याकाळी बायका टिकाव-फावडी खोलीत ठेवून गेल्या की तो घमेलं घेऊन चिंचेखाली जायचा, वरचा पाला बाजूला सारून खालची काळी माती भरून आणायचा, आणि रांगेने एकेका रोपाच्या बुडाशी उकरून ओंजळ-ओंजळ घालायचा. हे तो लपून करायचा. ओटी भरणं हे सवाष्णीचं काम. पुरुषाने, त्यातून बायको गेलेल्या पुरुषाने ते करावं, हे ऐकून कुणीही हसलं असतं, आणि हसणाऱ्याचं बरोबरच आहे असं त्याचंही मत होतं.

अ-प्लॉट पुरा झाला. ब-प्लॉटची दुसरी रांग चालू असताना रस्ता रुंद करणारे लोक आले. चिंच दोन दिवसांत आडवी झाली. तिसऱ्या दिवशी तिच्या जागी खडी होती. तेवढं जुनं झाड आसपास दुसरं नव्हतं, आणि काल-परवाच्या झाडाखालची माती झुंबरबाईच्या नियमात बसत नव्हती. ब-प्लॉट तसाच राहिला.

तीन वर्षांत अ-प्लॉट गहिनीनाथाच्या दुप्पट उंच झाला. आत शिरलं की दुपारी अंधारल्यासारखं व्हायचं. ब-प्लॉट कमरेएवढाच राहिला, आणि त्यातलं प्रत्येक तिसरं झाड वाळलेलं होतं. पालिकेच्या फायलीत याचं कारण ‘पाण्याचा असमान दाब’ असं नोंदलेलं होतं. पाइपलाइन दोनदा बदलली. दाब सारखा झाला. झाडांनी त्याची दखल घेतली नाही.

राखणदारीत राखायचं ते शेळ्यांपासून. शेळ्या आठवड्यातून दोनदा यायच्या. बाकीचा वेळ मोकळा. गेटाशी मोटारसायकल थांबवून कुणी पेट्रोल पंप कुठं म्हणून विचारलं, तर गहिनीनाथ उठून गेटापर्यंत जायचा. पंप त्याच रस्त्यावर, सरळ पुढं, तिथून दिसेल असा होता. पण तो आधी डाव्या हाताचं दूध संकलन केंद्र, मग बंद पडलेली जिनिंग, मग एक मारुती, असा टप्प्याटप्प्याने रस्ता सांगायचा. विचारणारा मारुतीपर्यंत थांबत नसे.

मुलगा कल्याण चाकणला कंपनीत होता. रविवारी त्याचा फोन यायचा. जेवलात का, जेवलो, पाऊस हाय का, न्हाई, बरं, ठेवतो. हे बोलणं गहिनीनाथ नंतर दिवसभरात एक-दोनदा मनातल्या मनात परत म्हणून बघायचा, आणि त्यात आणखी एखादं वाक्य कुठं बसलं असतं ते शोधायचा.

तिसऱ्या वर्षाच्या जूनमध्ये माधुरी मॅडम आल्या. गावातल्या कॉलेजात त्या वनस्पतिशास्त्र शिकवायच्या, तासिका तत्त्वावर. तासिका तत्त्व म्हणजे तास घेतला तर प्राध्यापक, नाही घेतला तर नागरिक. पस्तिशीच्या आसपासच्या, स्कूटीवरून येणाऱ्या, आणि येताना स्वतःचं खुरपं आणणाऱ्या. दोन्ही प्लॉटमधल्या झाडांची केसासारखी बारीक मुळं त्या उकरून बाटल्यांत भरून न्यायच्या. पहिल्या दिवशी गहिनीनाथाने त्यांना पेट्रोल पंपाचा रस्ता विचारायला आल्यात असं समजून रस्ता सांगत मारुतीपर्यंत आणलं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आणि मग आपल्याला कुठं जायचं नाही, इथंच यायचं आहे, असं सांगितलं.

एकदा त्या स्कूटीवर दोन पायांच्या मध्ये सूक्ष्मदर्शक धरून घेऊन आल्या. खोलीच्या उंबऱ्यावर, उजेडात, तो ठेवला.

“मामा, बघा.”

गहिनीनाथाने नको तो डोळा मिटला. मग दुसरा मिटला. मुळाचा तुकडा काचेच्या नळीसारखा दिसत होता आणि नळीच्या आत निळ्या धाग्यांचं जाळं होतं. मॅडमनी मुळं शाईत आणि व्हिनेगरमध्ये उकळली होती, त्यामुळे धागे तेवढे निळे झाले होते.

“रोग हाय का?”

“रोग नाही. सोयरीक आहे. हे धागे बुरशीचे. मुळं जिथं पोचत नाहीत तिथून ते पाणी आणतात, खत आणतात. झाड त्यांना साखर देतं. एकट्याचं भागत नाही, दोघांचंही.”

“आमच्यात त्याला कोयता म्हन्त्यात,” गहिनीनाथ म्हणाला.

मॅडमना ते कळलं नाही. त्यांनी विचारून घेतलं, आणि वहीत लिहिलं. आपलं बोलणं कुणी लिहून घेतंय हे बघून गहिनीनाथ जरा सावरून बसला.

“आता हे ब-प्लॉटचं मूळ.”

तीच काचेची नळी. आत काही नव्हतं. स्वच्छ, झाडून काढलेल्या खोलीसारखी. हे मूळ तो पहिल्यापेक्षा जास्त वेळ बघत राहिला.

“मामा, अ-प्लॉट लावताना काही वेगळं घातलं होतं का हो? काही आठवतंय?”

“न्हाई बा.”

मॅडमनी तेही लिहून घेतलं.

श्रावणात सलग सहा दिवस झिमझिम लागली आणि अ-प्लॉटमध्ये छत्र्या उगवल्या. पाचोळ्यातून, कुजक्या काटक्यांतून, पांढऱ्या, तपकिरी, काही शर्टाच्या गुंडीएवढ्या, काही बशीएवढ्या. कुत्र्याच्या छत्र्या म्हणून त्या सगळ्यांनी पाहिलेल्या असतात. एका जागी एवढ्या कुणी पाहिलेल्या नसतात. मॅडमना इतका आनंद झाला की त्या पावसात चप्पल काढून आत गेल्या. ह्या वरच्या छत्र्या पाचोळा खाणाऱ्या, मुळांशी सोयरीक करणाऱ्या त्या वेगळ्या आणि त्या वर येतच नाहीत, पण खालची माती जिवंत असल्याशिवाय ह्याही येत नाहीत, असं त्यांनी समजावून सांगितलं. राबणारी ती खाली आणि मिरवणारी ही वर, एवढं गहिनीनाथाला लगेच पटलं.

दोन दिवसांनी उद्यान विभागाचे साहेब, श्रीमंत ढाकणे, आले. ढाकणे साहेब डाळिंबाच्या बागायतदाराच्या घरात जन्मले होते. मर रोगाने त्यांच्या वडिलांची अडीचशे झाडं एका वर्षात वाळवली होती, आणि तेव्हापासून बुरशी ह्या शब्दाचा साहेबांना एकच अर्थ ठाऊक होता.

“हे काय आहे?”

“छत्र्या सायेब. पावसाच्या.”

“मला शिकवू नको. बुरशी आहे ही. पुढच्या आठवड्यात मुंबईहून समिती येतीय, हरित शहराच्या बक्षिसाची. त्यांना काय हे दाखवू?”

“झाडं चांगली हायेत सायेब.”

“चांगली आहेत तोवरच औषध द्यायचं असतं. मेल्यावर बाराव्याचं जेवण देतात.” साहेबांनी जीपमधून मोरचुदाची, निळ्या बुरशीनाशकाची, पिशवी काढायला लावली. “पंपात कालव आणि बुडात ओत. एकेका झाडाच्या. पुरा अ-प्लॉट. समितीला एक जरी छत्री दिसली, तर तुझं इथलं अन्नपाणी उठलं म्हणून समज. तीन वर्षांची मुदत तशीही संपत आलीय.”

मोरचूद गहिनीनाथाला नवा नव्हता. एकदा उन्हाळ्यात एका बागेत मजुरीला असताना कालवलेलं पिंप त्याच्या हातून लवंडलं होतं. थोड्या वेळाने जमिनीतून गांडुळं वर आली होती, शेकड्यांनी, आणि तिथंच पडली होती. त्या जागी पुढं हराळीसुद्धा उगवली नव्हती.

पिशवी त्याने खाटेखाली सरकवली आणि खाटेवर बसून राहिला. औषध घालावं, तर जमिनीखालचं सगळं बिऱ्हाड उठणार. न घालावं, तर आपलं. सबंध तालुक्यात एकट्या माणसाला चालवून घेणारी ही एक आठ बाय दहाची जागा होती, आणि ती त्याच्या हिशेबाने पुरेशी होती. दुपारी तो उठला आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात जाऊन नीळ मागितली.

“किती?”

“धा पुड्या.”

“नाना, एवढं पांढरं काय घालता तुमी?” दुकानदाराने त्याच्या मातकट सदऱ्याकडे पाहून विचारलं.

“इचार हाय घालायचा.”

दुसऱ्या दिवशी ढाकणे साहेब जातीने आले. गहिनीनाथाने नाकातोंडाला उपरणं बांधलं होतं, पाठीवर पंप होता, आणि पंपात निळंशार पाणी होतं. साहेबांनी जीपची काच अर्धी खाली घेतली, रंग पाहिला, समाधानाने परत वर घेतली. दोन दिवस गहिनीनाथाने निळीचं पाणी मोठ्या निगुतीने एकेका झाडाला पाजलं. मग ऊन पडलं आणि चौथ्या दिवशी छत्र्या वाळून गेल्या. पाऊस उघडला की चौथ्या दिवशी त्या वाळतातच. गेली कित्येक हजार वर्षं त्यांचा असाच रिवाज आहे. ढाकणे साहेबांनी औषधाच्या आधीचा आणि नंतरचा, असे दोन फोटो शेजारी-शेजारी लावून सगळीकडे पाठवले. समिती आली, शहाळी प्याली, उत्तेजनार्थ बक्षीस देऊन गेली.

“गहिनीनाथ,” साहेब म्हणाले, “तुझ्यासारखा फवारणारा माणूस नाही आपल्याकडे. पुढची तीन वर्षं तूच. तसा ठराव घेतो.”

राहायचा प्रश्न सुटला. कुणाला सांगण्यासारखं मात्र त्यात काही नव्हतं. रविवारी कल्याणच्या फोनवर एक वाक्य वाढवायची संधी आली होती, तीही त्याने सोडली.

माधुरी मॅडमना फवारणीचं कळलं तेव्हा त्या गेटातूनच रागावत आल्या. गहिनीनाथाशी बोलल्या नाहीत. मुळं काढून घेऊन गेल्या. पुढं तीन आठवडे त्या दर चार दिवसांनी येत राहिल्या, आणि प्रत्येक वेळी त्यांचा राग थोडा कमी आणि दुसरंच काहीतरी वाढलेलं दिसायला लागलं. गणपती उठल्यावर त्या पेढे घेऊन आल्या.

“मामा, घ्या.”

“कशाचं?”

“माझा निबंध पुण्याच्या परिषदेत घेतलाय. अहो, अ-प्लॉटमधले धागे मेलेच नाहीत. एवढा मोरचूद पिऊन जसेच्या तसे. अशी बुरशी कुणी नोंदवलेली नाही. ह्यावर कदाचित माझी नोकरी कायमची होईल.” त्या उंबऱ्यावर बसल्या. “आणि ढाकणे साहेबांनाही सांगून आले. मी उगाच भांडायला गेले होते त्यांच्याशी. म्हटलं, तुमच्या औषधाने इथल्या मातीला काही झालेलं नाही. ते म्हणाले, तसं लेखी द्या. मग पुढच्या पावसापासून पालिकेच्या सगळ्या बागांना देतो, रस्त्याकडेच्या झाडांनाही. सोमवारी पत्र देणार आहे.”

गहिनीनाथाच्या हातात पेढा होता. तो त्याने पत्र्याच्या डब्यावर ठेवला.

“सगळ्या बागांना आमीच घालायचं का?”

“सगळ्या तुम्हाला कशा होतील? माणसं नेमतील की.”

ती माणसं नीळ घालणार नव्हती. गहिनीनाथ खाली वाकला, खाटेखालून पिशवी ओढून काढली आणि मॅडमच्या समोर ठेवली. तोंडाची शिवण जशीच्या तशी होती. वर तीन आठवड्यांची धूळ होती.

मॅडमनी पिशवीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं.

“मग पंपात काय होतं?”

“नीळ.”

“कपड्याची?”

“व्हय.”

बाहेर रस्त्यावरून एक ट्रक गेला, मग दुसरा. मॅडमनी पिशवीवरच्या धुळीतून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, “मी जूनपासून येतीय इथं. तुम्हाला एकदाही वाटलं नाही, हिला सांगावं?”

“वाटलं. रोज वाटलं.”

“मग?”

“सांगितलं तर ऱ्हायचं कुठं?” तो म्हणाला. थोड्या वेळाने त्याने आणखी सांगितलं, “आनि तुमी पुना आला न्हाई तर, ते बी हुतं.”

मॅडमनी पदर नसताना पदराने पुसल्यासारखं ओढणीने तोंड पुसलं. निबंधाचं आता काही होणार नव्हतं, ते दोघांनाही कळलं होतं. पेढ्यांचा पुडा उघडाच राहिला होता. मुंग्या लागायला लागल्या तेव्हा गहिनीनाथाने तो बंद केला.

“दुसरं काय लपवलंय?” मॅडमनी विचारलं. “अ-प्लॉटचं पण सांगून टाका आता.”

मान खाली घालून त्याने ओटीचं सांगितलं. चिंच, घमेलं, संध्याकाळची वेळ, ब-प्लॉटची दुसरी रांग. मॅडमनी वही काढली. ओंजळ केवढी, किती खोल घातली, पाला बाजूला सारला होता का, असं एकेक विचारत गेल्या. हसल्या नाहीत.

“हे कुणी शिकवलं तुम्हाला?”

“आमच्या मंडळींनी.”

“त्यांना भेटायला पाहिजे.”

“आता कुठं,” गहिनीनाथ म्हणाला.

मॅडमनी लिहिता-लिहिता पेन थांबवलं, आणि मग पुढं लिहिलं. जाताना त्या म्हणाल्या की चिंच पडली म्हणून हात राखायचं कारण नाही. अ-प्लॉटची माती आता तेवढीच वसलेली आहे, ती ब-प्लॉटला चालेल.

“तीन वर्साच्या पोरांची माती?”

“झाडं तीन वर्षांची आहेत. मातीतली वस्ती चिंचेखालचीच आहे, मामा. ती तुम्हीच आणून ठेवलीय.”

सोमवारी मॅडमनी पालिकेला पत्र दिलं. निळीचा उल्लेख त्यात नव्हता. छत्र्या हा रोग नव्हे, फवारणीची काहीही गरज नाही, उलट त्यामुळे मातीचं नुकसान होईल, असं स्वच्छ लिहिलं होतं. शेवटी, वनाचं थोडं कौतुक करावं म्हणून, एक वाक्य जास्तीचं घातलं होतं: ‘अ-प्लॉट आता स्वतःची काळजी स्वतः घेण्यास समर्थ आहे.’

ढाकणे साहेबांनी पत्रातल्या त्याच वाक्याखाली लाल रेघ ओढली. फवारणी नाही तर फवारणाऱ्याचं काय काम, आणि वन जर आपलं आपण बघणार तर त्याला राखणदार कशाला, अशा सरळ हिशेबाने त्यांनी टिपण तयार केलं. गेटाला कुलूप घालावं. गहिनीनाथाला मार्केट यार्डाच्या मागं, जिथं दुसरं शहरी वन नियोजित आहे, तिथं हलवावं. मुदत दिवाळीपर्यंत.

मॅडमनी हे ऐकलं तेव्हा त्या साहेबांकडे धावत गेल्या. त्या वाक्याचा अर्थ तसा नव्हता, हे त्यांनी अर्धा तास समजावलं. साहेब म्हणाले, तुमच्याच सहीचं आहे.

“माझ्यामुळं झालं, मामा.”

“खोटं हुतं का ते?”

“खोटं नव्हतं.”

“मंग ऱ्हाऊ द्या.”

दिवाळीला पाच आठवडे होते. परतीचा पाऊस पडून माती मऊ होती. गहिनीनाथाने घमेलं काढलं, आणि ह्या वेळी सकाळी दहा वाजता, रस्त्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्या सगळ्यांच्या देखत, अ-प्लॉटमधली माती ब-प्लॉटमध्ये न्यायला सुरुवात केली. शनिवार-रविवारी मॅडम यायच्या आणि दुसरी रांग धरायच्या. एकदा एक मोटारसायकलवाला गेटाशी थांबून काय चाललंय म्हणून विचारू लागला. गहिनीनाथाने मान वर न करता, ओटी भरतोय, असं सांगितलं. माणूस हसला आणि गेला. हसण्याने वाटलं होतं तेवढं काही झालं नाही. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी ब-प्लॉटची शेवटची रांग संपली. तिथली झाडं जगली की नाही हे पुढच्या पावसाळ्यात कळणार होतं, आणि तेव्हा आत जायला गहिनीनाथाकडे किल्ली असणार नव्हती.

जाताना त्याला एक पोतं माती न्यायची होती. पालिकेच्या जागेतून माती उचलायची तर ती गौण खनिजात मोडते, अर्ज लागतो. अर्ज मॅडमनी भरला. परिमाण ब्रासमध्ये, म्हणजे शंभर घनफुटांच्या मापात, लिहायचं होतं. त्यांनी मोबाइलवर हिशेब करून शून्य पूर्णांक शून्य एक असं लिहिलं. खाली एक रकाना होता: ‘वापराचे कारण’.

“इथं काय लिहू? शास्त्रीय प्रयोग लिहिते.”

“खरं ल्ह्या की.”

“खरं काय?”

“तिथं कुनी न्हाई म्हनून.”

मॅडमनी तसंच लिहिलं. अर्ज चार टेबलांवरून फिरला आणि मंजूर होऊन आला. तो रकाना कुणी वाचला होता असं दिसलं नाही.

पोतं आणि खाट घंटागाडीतून गेली. नवीन जागा दोन एकर होती: मुरूम, कडेने तारेचं कुंपण, एका कोपऱ्यात पत्र्याची खोली. फलक लागलेला होता. मार्केट यार्डाची मागची भिंत तिथून दिसायची, पण तिला दार नव्हतं, त्यामुळे रस्ता विचारायला कुणी यायचा प्रश्न नव्हता.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मॅडम निरोप घ्यायला आल्या. शिर्डीच्या एका कॉलेजात त्यांना तास मिळाले होते, इथल्यापेक्षा चार जास्त. पोत्याकडे बघून त्या म्हणाल्या, “मामा, ही माती नुसती ठेवून नाही राहायची. धाग्यांना धरायला मूळ लागतं. रोपं येईपर्यंत ह्यात काहीतरी जितं ठेवा. ज्वारी टाका. ज्वारीचं मूळ त्यांना चालतं.”

“कशी टाकू?”

“पोत्याचं तोंड उघडा आणि पेरा. रोज थोडं पाणी. एवढंच.”

त्यांनी मोबाइल नंबर कागदावर लिहून दिला. गहिनीनाथाने तो पत्र्याच्या फटीत खोचला. स्कूटी वळून दिसेनाशी झाल्यावर तो आत आला, शाळूचे सात दाणे निवडून घेतले आणि पोत्यात बोटभर खोल घातले. पाचव्या दिवशी त्यातले पाच वर आले. उरलेल्या दोघांची त्याने आणखी आठवडाभर वाट पाहिली.

तेव्हापासून तो सकाळी पोतं ओढून खोलीच्या पूर्वेला नेतो, दुपारी पश्चिमेला आणतो, आणि मध्ये तांब्याभर पाणी घालतो. शेळ्या येत नाहीत. खाण्यासारखं त्या दोन एकरांत दुसरं काही नाही, आणि ज्वारीच्या ह्या पाच ताटांचा पत्ता त्यांना अजून लागलेला नाही. रोपं जुलैत येणार आहेत. पालिकेत रोपांचा ठराव झाला, तर.